चष्मा उतरविण्याचा व्यापार : सौद्यापूर्वी ग्राहकाने काय पाहावे?

लग्न ठरले, पोलीस किंवा सैन्य भरतीची जाहिरात निघाली, परदेशातील नोकरीचा व्हिसा आला, की चष्मा लावणाऱ्या तरुणाच्या घरात एक विषय हमखास निघतो. लेझरने नंबर काढून टाकावा का? पूर्वी हा श्रीमंतांचा शौक समजला जाई. आज तालुक्याच्या गावापर्यंत त्याचे फलक लागले आहेत. दहा मिनिटांत चष्म्यापासून मुक्ती, त्याच दिवशी घरी, सुलभ हप्ते, सणानिमित्त खास सवलत अशी भाषा या फलकांवर असते. ही भाषा दवाखान्याची नसून बाजाराची आहे. म्हणूनच हा विषय आरोग्याच्या पानाइतकाच व्यापाराच्या पानाचाही आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ही शस्त्रक्रिया म्हणजे फसवणूक नव्हे. योग्य डोळ्यावर, योग्य तपासणीनंतर आणि निष्णात हाताने ती केली तर बहुसंख्य लोकांना उत्तम दृष्टी मिळते व ते समाधानी असतात. परंतु ती सर्वांसाठी नाही. आणि बाजारात विकत घेतलेल्या इतर कोणत्याही वस्तूत व हिच्यात एक मोठा फरक आहे. कापड खराब निघाले तर परत करता येते, यंत्र बिघडले तर बदलून मिळते. डोळ्याचा घासून काढलेला थर मात्र कोणत्याही पावतीवर परत मिळत नाही. म्हणून या सौद्यात सर्व चौकशी पैसे भरण्यापूर्वीच व्हावयास हवी.

धंद्याची सुरुवात

या तंत्राच्या मुळाशी एक भारतीय नाव आहे. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करीत होते. 1981 साली त्यांनी व त्यांचे सहकारी जेम्स वाइन आणि सॅम्युअल ब्लम यांनी एक्सायमर लेझरचे किरण टर्की पक्ष्याच्या मांसाच्या उरलेल्या तुकड्यावर टाकून पाहिले. आजूबाजूचा भाग न जळता अतिशय स्वच्छ काप पडला. पुढे डोळ्यांचे डॉक्टर स्टीफन ट्रोकेल यांच्याबरोबर हाच प्रयोग डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर करण्यात आला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, 1995 मध्ये पीआरके या पहिल्या लेझर पद्धतीला परवानगी दिली. ग्रीसमधील क्रीट बेटावरील डॉ. आयोअॅनिस पॅलिकारिस यांनी 1990 च्या सुमारास विकसित केलेल्या लॅसिक पद्धतीलाही त्या दशकाच्या अखेरीस मान्यता मिळाली.

शोध शास्त्रज्ञांचा असला तरी त्यामागोमाग व्यापार आला. समिट आणि व्हिसएक्स या यंत्र बनविणाऱ्या दोन अमेरिकन कंपन्यांनी आपले पेटंट एकत्र केले व प्रत्येक शस्त्रक्रियेमागे 250 डॉलर स्वामित्वशुल्क ठरविले. यंत्र डॉक्टराने विकत घेतले तरी प्रत्येक वेळी कंपनीला पैसे द्यायचे, असा हा प्रकार होता. स्पर्धा मारल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 1998 मध्ये कारवाई केली व ही युती मोडली. 2000 साली व्हिसएक्सने आपले शुल्क 250 वरून 100 डॉलरवर आणले आणि उत्तर अमेरिकेत दरयुद्ध भडकले. कॅनडातील व्हँकुव्हरच्या लॅसिक व्हिजन या स्वस्त दराच्या कंपनीने ठिकठिकाणी केंद्रे उघडली. 2001 मध्ये ती दिवाळखोरीत गेली व तिला विकत घेणारी आयकॉन ही कंपनीही त्याच वर्षी बुडाली.

व्यापाऱ्यांनी येथे थांबून विचार करावा. किराणा दुकान बुडाले तर ग्राहक शेजारच्या दुकानात जातो. शस्त्रक्रियेचे दुकान बुडाले तर ज्याच्या डोळ्यांत दोन महिन्यांपूर्वी लेझर मारले तो तपासणीसाठी कोठे जाणार? त्याचे कागद कोणाकडे? पुन्हा दुरुस्ती करून देण्याचे वचन कोण पाळणार? स्वस्त दराचा हिशेब करताना दुरुस्तीची ही बाजू कोणी धरीत नाही.

डोळ्यात नेमके काय करतात?

कॉर्निया म्हणजे बुबुळावरील पारदर्शक काच. तिची जाडी मध्यभागी साधारण 540 मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त असते. तिच्या बाकामुळे प्रकाश वळतो. लेझरने तिचा अत्यंत पातळ थर काढून हा बाक बदलतात आणि नंबर जातो.

तीन मुख्य पद्धती आहेत. पीआरकेमध्ये वरची नाजूक त्वचा काढून थेट लेझर मारतात. तीन-चार दिवस दुखते व नजर स्थिर होण्यास काही आठवडे लागतात. लॅसिकमध्ये वरचा एक पातळ पापुद्रा पुस्तकाच्या पानासारखा उचलतात, आत लेझर मारतात व पापुद्रा परत बसवितात. वेदना कमी असते आणि दुसऱ्या दिवशी बहुतेकांना स्पष्ट दिसते, म्हणून बाजारात तिचीच चलती झाली. तिसरी स्माइल पद्धत जर्मनीच्या झाइस कंपनीची असून तिला अमेरिकेत 2016 मध्ये मान्यता मिळाली. तिच्यात पापुद्रा न उचलता एका लहान छेदातून आतला चकतीसारखा तुकडा बाहेर काढतात.

पद्धत कोणतीही असो, हिशेब जाडीचाच असतो. एक नंबर उतरविण्यासाठी सुमारे 12 ते 15 मायक्रॉन थर जातो. समजा, एकाची कॉर्निया 540 मायक्रॉनची व नंबर उणे 4 आहे. लॅसिकचा पापुद्रा 110 आणि नंबरसाठी 56, असे 166 मायक्रॉन कामी आले. 374 शिल्लक राहिले. हा सौदा ठीक आहे. दुसऱ्याची कॉर्निया 490 ची व नंबर उणे 8 आहे. 110 आणि 112 मिळून 222 गेले व 268 उरले. म्हणजे जवळपास 45 टक्के भाग दुबळा झाला. तज्ज्ञ 40 टक्क्यांच्या पुढे धोक्याचा इशारा देतात. दोघांनाही एकाच जाहिरातीने बोलावले, दर एकच सांगितला, परंतु दोघांचा धोका एक नाही. ही आकडेमोड कोणताही दुकानदार करू शकतो. आपल्या डोळ्याचे आकडे मागून घेणे एवढेच काम आहे.

जे घडू शकते

सर्वांत सर्रास आढळणारी तक्रार डोळे कोरडे पडण्याची. शस्त्रक्रियेत कॉर्नियातील बारीक मज्जातंतू कापले जातात, त्यामुळे डोळ्याला ओलावा कमी पडल्याची जाणीव मंदावते. जळजळ, खुपणे, वाळू गेल्यासारखे वाटणे हा त्रास बहुतेकांत काही महिन्यांत कमी होतो. काहींचा मात्र राहतो. फार थोड्यांना मज्जातंतूंच्या बिघाडामुळे दीर्घकाळ वेदना होतात व तपासणीत डोळा वरून ठीक दिसतो. अशा रुग्णाला घरचेही वेडा ठरवितात, हे त्याचे दुसरे दुःख.

दुसरी तक्रार रात्रीच्या नजरेची. दिव्याभोवती कडे दिसणे, प्रकाश फाकणे, एकाच वस्तूच्या दोन छाया दिसणे. दिवसा तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणारा माणूस रात्री महामार्गावर समोरच्या ट्रकच्या दिव्यांनी गोंधळू शकतो. ट्रक, टेंपो, रिक्षा किंवा टॅक्सी चालविणाऱ्यांनी ही बाब विशेष लक्षात घ्यावी.

अमेरिकेच्या एफडीएने स्वतः नौदलातील व नागरी रुग्णांवर अभ्यास करविला. त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांना अशी कोणतीही लक्षणे नव्हती, त्यांपैकी 43 ते 46 टक्के लोकांना तीन महिन्यांनी कडे, चकाकी, दुहेरी छाया यांपैकी एखादे तरी नवे लक्षण जाणवले. पूर्वी कोरडेपणा नसलेल्यांपैकी सुमारे 28 टक्क्यांना तो जाणवू लागला. त्याच अभ्यासात 95 टक्क्यांहून अधिक लोक आपल्या दृष्टीबाबत समाधानी होते आणि रोजच्या कामात फार अडचण आलेले एक टक्क्याहून कमी होते. हे दोन्ही आकडे खरे आहेत. जाहिरातीत मात्र त्यांपैकी एकच छापला जातो.

तिसरा धोका पापुद्र्याचा. तो उचलताना मध्ये फाटणे, सुरकुती पडणे, त्याखाली सूज येणे किंवा पेशी वाढणे हे प्रकार घडतात. वेळीच लक्ष दिल्यास बहुतेक निभावतात. परंतु हा पापुद्रा पूर्वीसारखा घट्ट कधीच जुळत नाही. वर्षांनंतरही डोळ्याला जोराचा मार लागल्यास तो सरकू शकतो. कुस्ती, कबड्डी, मुष्टियुद्ध खेळणारे व गणवेशाच्या नोकरीत जाऊ इच्छिणारे यांना म्हणूनच पुष्कळदा पापुद्रा नसलेली पद्धत सुचविली जाते.

चौथा धोका क्वचित परंतु सर्वांत गंभीर. जास्त पातळ झालेली किंवा मुळातच दुबळी असलेली कॉर्निया पुढे फुगू लागते. यास एक्टेसिया म्हणतात. जर्मन तज्ज्ञ थिओ झायलर यांनी लॅसिकनंतरचे असे रुग्ण 1998 मध्ये नोंदविले. नजर हळूहळू बिघडते, चष्म्यानेही सुधारत नाही. कडक लेन्स, कॉर्निया घट्ट करणारी क्रॉस-लिंकिंग प्रक्रिया आणि शेवटी नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया बसविणे, असा तो मार्ग आहे. हा प्रकार शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनीही उद्भवू शकतो. ज्यांना शंकूसारख्या कॉर्नियाचा म्हणजे केराटोकोनसचा छुपा आजार आहे, त्यांना हा धोका सर्वांत अधिक असतो. दक्षिण आशियातील तरुणांत हा आजार तुलनेने जास्त आढळतो व सतत डोळे चोळण्याची सवय त्याला पोसते. ज्याचा तिरपा नंबर दर वर्षी बदलतो, ज्याच्या सख्ख्या भावाबहिणीला हा आजार आहे, त्याने ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये.

याखेरीज जंतुसंसर्ग, नंबर कमी-जास्त उतरणे, काही वर्षांनी थोडा नंबर परत येणे हेही घडते. शस्त्रक्रियेनंतर दिल्या जाणाऱ्या थेंबांत स्टेरॉइड असते. ते डॉक्टरांना न विचारता औषधाच्या दुकानातून आणून महिनोन्‌महिने घातल्यास डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. आपल्याकडे ही चूक फार होते.

कारागिरांचा वेगळा हिशेब

चाळिशीनंतर जवळचे वाचण्यास सर्वांनाच चष्मा लागतो. लेझरने दूरचा नंबर जातो, चाळिशी टळत नाही. हे साधे सत्य काउंटरवर क्वचितच सांगितले जाते. 38 व्या वर्षी पन्नास-साठ हजार रुपये भरून चष्मा उतरविणारा माणूस पाच वर्षांत पुन्हा वाचण्याचा चष्मा घेतो व आपण फसलो असे म्हणतो.

जरीकाम, भरतकाम, सोनारकाम, घड्याळदुरुस्ती, रफू करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्याचा नंबर उणे 3 आहे, त्याला चष्मा काढला की साधारण 33 सेंटिमीटरवरचे स्वच्छ दिसते. सुई, टाका, नगीना याच अंतरावर असतात. पन्नाशीतही असा कारागीर चष्मा कपाळावर सरकवून बारीक काम करतो व शेजारी त्याचा हेवा करतात. नंबर उतरविल्यावर ही सोय संपते. दूरचे दिसू लागते, परंतु ज्या अंतरावर त्याची रोजी आहे तेथे चाळिशीनंतर चष्मा लागू लागतो. तेव्हा चाळिशीच्या जवळ आलेल्या कारागिराने आपल्या कामाचे अंतर टेपने मोजून डॉक्टरांना सांगावे आणि मगच निर्णय घ्यावा.

भरतीसाठी लेझर करणाऱ्यांनीही घाई करू नये. प्रत्येक खात्याचे नियम निराळे आहेत. काही ठिकाणी ठरावीक वय, मुदत व कॉर्नियाची जाडी या अटींवर उमेदवार घेतात. रेल्वेच्या सहायक लोको पायलटसारख्या पदासाठी मात्र अशी शस्त्रक्रिया झालेला उमेदवार अपात्र ठरविला गेला आहे. ज्या नोकरीसाठी डोळ्यांवर खर्च केला तीच नोकरी त्यामुळे हातची जाऊ शकते. भरतीच्या जाहिरातीतील वैद्यकीय अटी आधी वाचाव्यात.

दर, हप्ते आणि विमा

लेझरचे यंत्र परदेशी असते व त्याची किंमत कोटींत जाते. त्याची देखभाल, प्रत्येक डोळ्यामागे लागणारे साहित्य आणि बँकेचा हप्ता निघण्यासाठी महिन्याला ठरावीक संख्येने डोळे आले पाहिजेत. मालकाच्या डोक्यावर हा बोजा असतो. त्यातून जाहिरात, सवलत, पाठविणाऱ्याला कमिशन हे सर्व निघते. डॉक्टरांनी रुग्णासाठी कमिशन घेऊ अगर देऊ नये असे भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीत स्पष्ट आहे. तरी कट प्रॅक्टिस हा शब्द महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

फलकावरील दर हा बहुधा सर्वांत कमी नंबरचा व सर्वांत जुन्या पद्धतीचा असतो. अमेरिकेचे ताजे उदाहरण पाहण्यासारखे आहे. लॅसिकप्लस या नावाने केंद्रे चालविणाऱ्या एलसीए-व्हिजन कंपनीने एका डोळ्याला 250 डॉलरच्या आसपासचा दर जाहीर केला होता. तपासणीला आलेल्यांपैकी केवळ 6.5 टक्के लोक दोन्ही डोळ्यांसाठी त्या दरास पात्र ठरले. इतरांना प्रत्येक डोळ्यामागे 1,800 ते 2,295 डॉलर सांगितले जात, असे तेथील व्यापार आयोगाने म्हटले व 2023 मध्ये कंपनीला साडेबारा लाख डॉलर भरावे लागले. याच कंपनीवर 2003 मध्येही अतिरंजित जाहिरातींबद्दल कारवाई झाली होती. जिथे कायदा कडक आहे तिथे हे घडते, तर आपण फलकावर कितपत विसंबावे?

हप्त्यांबाबतही सावध राहावे. बिनव्याजी हप्ता म्हणून जे सांगितले जाते त्यात व्याज बहुधा किमतीत किंवा प्रक्रिया शुल्कात दडविलेले असते. रिझर्व्ह बँकेने 2013 च्या परिपत्रकातच शून्य टक्के व्याज ही संकल्पना अस्तित्वात नसल्याचे बँकांना बजावले होते. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्या वाचकांनी रोख दर व हप्त्याचा दर हे दोन्ही लेखी मागावेत. फरक आपोआप दिसतो. चष्मा हा काही जिवावरचा आजार नाही. पैसे साठेपर्यंत थांबल्याने डोळ्याचे नुकसान होत नाही, उलट नंबर स्थिर झाला की नाही ते समजते.

आरोग्य विम्यावर भरवसा ठेवू नये. विमा नियामक प्राधिकरणाने ठरविलेल्या प्रमाणित अपवादांनुसार 7.5 पेक्षा कमी नंबरसाठी केलेल्या अशा उपचाराचा खर्च विमा कंपनी देत नाही. आणि ज्यांचा नंबर त्याहून मोठा आहे त्यांच्याच डोळ्यांत लेझरचा धोका वाढतो. अशांना डॉक्टर पुष्कळदा डोळ्याच्या आत बसविण्याची लेन्स सुचवितात. तिचे धोके निराळे आहेत व तिची चौकशी स्वतंत्रपणे करावी.

मालातील दोष सांगण्याचे कर्तव्य

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातील धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाही असे त्यांनी विक्रेत्याला विचारले व फसविणारा आपल्यातला नाही असे बजावले, ही हदीस आपल्याकडील प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. मालाचा ऐब लपविला तर ग्राहकाला सौदा रद्द करण्याचा अधिकार शरीअतने दिला आहे. शस्त्रक्रियेत सौदा रद्द करण्याची सोयच उरत नाही. तेव्हा ऐब आधी सांगण्याची जबाबदारी कमी न होता वाढते. आपल्या समाजातील जे डॉक्टर, चष्म्याचे दुकानदार व दवाखान्यांचे भागीदार या व्यवसायात आहेत, त्यांनी हे ध्यानी ठेवावे. चष्मेवाल्याने कमिशनसाठी पाठविलेला मुलगा त्याच्याच मोहल्ल्यातला असतो.

देशाचा कायदाही याच दिशेने जातो. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. 2008 च्या समीरा कोहली खटल्यात रुग्णाला उपचाराचे स्वरूप, फायदे, धोके व पर्याय समजावून घेतलेली संमतीच खरी संमती, असे न्यायालयाने सांगितले. शस्त्रक्रियेच्या दिवशी, डोळ्यांत थेंब घातल्यावर, इंग्रजी कागदावर घेतलेली सही ही समजून दिलेली संमती कशी म्हणावी? संमतीपत्र दोन-चार दिवस आधी घरी आणावे, मराठीत किंवा उर्दूत समजावून घ्यावे.

नुकसान झाल्यास ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. रुग्णाने मागितल्यास 72 तासांत कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मात्र परिणाम वाईट झाला म्हणजे निष्काळजीपणा झाला असे न्यायालय मानत नाही. तपासणी केली नाही, धोका सांगितला नाही, हे कागदांवरूनच दाखवावे लागते. म्हणून कागद जपणे आले.

पैसे भरण्यापूर्वी

पुढील गोष्टींची खात्री करून घ्यावी.

1. वय किमान 18, शक्यतो 21 पूर्ण असावे व गेल्या वर्षभरात नंबर अर्ध्याहून अधिक बदललेला नसावा. जुन्या चष्म्यांच्या चिठ्ठ्या बरोबर न्याव्यात.

2. कॉर्नियाचा नकाशा व जाडी, डोळ्यातील ओलावा, अंधारात बाहुलीचा आकार, डोळ्याचा दाब आणि थेंब घालून मागचा पडदा, या सर्व तपासण्या व्हाव्यात. त्याआधी मऊ लेन्स साधारण दोन आठवडे व कडक लेन्स त्याहून अधिक काळ बंद ठेवाव्या लागतात. लेन्स काढून लगेच तपासणी करून दुसऱ्या दिवशीची तारीख देणारे केंद्र टाळावे.

3. गरोदरपण, स्तनपान, संधिवातासारखे आजार, अनियंत्रित मधुमेह, मुरमांवर घेतलेली आयसोट्रेटिनॉइनसारखी औषधे यांची माहिती न विचारताही द्यावी.

4. तपासणी कोण करणार, शस्त्रक्रिया कोण करणार व नंतर रात्री-अपरात्री त्रास झाला तर कोणाला भेटायचे, ही नावे लिहून घ्यावीत. विक्री प्रतिनिधीशी बोलून बाहेर पडू नये, शल्यविशारदाशी बोलावे.

5. माझ्या डोळ्यात किती थर जाणार, किती उरणार, असे आकडे विचारावेत. शक्य तर ते घेऊन दुसऱ्या, लेझर यंत्र नसलेल्या नेत्रतज्ज्ञाचे मत घ्यावे. त्याला या सौद्यात हिस्सा नसतो.

6. शस्त्रक्रियेपूर्वीचे व नंतरचे सर्व अहवाल आयुष्यभर सांभाळावेत. पुढे मोतीबिंदू झाल्यावर डोळ्यात कोणत्या नंबरचे भिंग बसवायचे याचा हिशेब लेझर झालेल्या डोळ्यांत चुकू शकतो व तेव्हा हे जुने आकडे कामी येतात. काचबिंदूच्या तपासणीतही पातळ कॉर्नियामुळे दाब कमी दिसतो, म्हणून प्रत्येक नव्या डॉक्टरला लेझर झाल्याचे सांगावे.

काही घरगुती बाबीही आहेत. शस्त्रक्रियेच्या दिवशी अत्तर लावू नये, त्याच्या वाफेचा लेझरवर परिणाम होऊ शकतो. सुरमा व डोळ्यांचा मेकअप डॉक्टर सांगतील तोवर बंद. साधारण आठवडाभर डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचे नसते, म्हणून वुजू व गुस्ल कसे करावे ते आधीच डॉक्टर व आलिम या दोघांना विचारून ठेवावे. दर काही तासांनी थेंब घालावे लागतात, तेव्हा रमजानचे दिवस टाळलेले बरे. लग्नाच्या आठवड्यात तर ही शस्त्रक्रिया करूच नये. हळद, धूर, जागरण व कोरडे डोळे यांचा मेळ बसत नाही.

एक गैरसमजही दूर केला पाहिजे. मधुमेहाने पडदा बिघडल्यावर, काचबिंदूत किंवा मोतीबिंदूनंतर आलेल्या जाळीसाठी दिले जाणारे लेझर उपचार निराळे आहेत. ते दृष्टी वाचविण्यासाठी असतात, त्यांना उशीर करू नये. हा लेख वाचून कोणी ते टाळले तर मोठे नुकसान होईल. तसेच लेझरने नंबर गेला तरी मोठ्या नंबरच्या माणसाचा डोळा लांबटच राहतो. पडदा फाटण्याचा किंवा सुटण्याचा त्याचा धोका चष्म्याबरोबर जात नाही. वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावाच लागतो. अचानक प्रकाशाच्या ठिणग्या किंवा काळे ठिपके दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

या व्यवसायात चांगल्या केंद्राची खूण यंत्राची नवलाई किंवा स्वागतकक्षातील संगमरवर ही नव्हे. तुमचा डोळा या शस्त्रक्रियेस योग्य नाही, असे सांगून आलेले गिऱ्हाईक परत पाठविण्याची तयारी ही त्याची खरी खूण. ज्या डॉक्टराने असा नकार दिला त्याने तुमचे पैसे तर वाचविलेच, डोळेही वाचविले. अशा वेळी नाराज होऊन दुसऱ्या केंद्राचा होकार शोधत फिरू नये. पाच ठिकाणी विचारले तर एक ठिकाणी होकार मिळतोच, आणि तोच सर्वांत महागात पडतो. चष्मा हा दोष नाही, गरजेची वस्तू आहे. ज्याचा डोळा योग्य आहे, नंबर स्थिर आहे व ज्याने सर्व धोके समजून घेतले आहेत, त्याने जरूर लेझर करावे. इतरांनी चष्म्याची काच स्वच्छ पुसून आपल्या कामाला लागावे.